एकाच घरात टीबीच्या चार तऱ्हा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "आम्ही धनकवडीला राहतो, घरात आठ माणसं. फेब्रुवारीत सासऱ्यांच्या बेडक्यात टीबीचे जंतू निघाले. ते ६७ वर्षांचे आहेत, मधुमेह आहे, एक्स-रेत उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पोकळी दिसली. तीन आठवड्यांनी माझ्या १९ वर्षांच्या मुलीच्या मानेला गाठ आली. सुईने तपासली, टीबीच निघाला. औषध नेमाने चालू आहे, दहावा आठवडा आहे, पण गाठ कमी व्हायच्या ऐवजी लिंबाएवढी झाली आणि शेजारी दुसरी आली. एप्रिलमध्ये धाकट्या दिरांच्या छातीत पाणी झालं, सव्वा लिटर काढलं. त्या पाण्यात जंतू सापडले नाहीत, मॅन्टूही (हातावर सुई देऊन करतात ती टीबीची तपासणी) शून्य आली, तरी सहा महिन्यांचं औषध दिलंय. माझी मॅन्टू १७ मिलिमीटर, पण एक्स-रे स्वच्छ आणि मला काहीच त्रास नाही. सासूबाईंना संधिवात आहे, त्यांना नवं महागाचं इंजेक्शन सुरू करायचं ठरलंय. जाऊबाईंचा मुलगा तीन वर्षांचा, तो ठीक आहे. नातेवाईक म्हणतात, तुमच्या घराचीच प्रतिकारशक्ती कमी, सगळ्यांना काढा सुरू करा. एकाच जंतूने प्रत्येकाला वेगळं का होतं? कोणाची प्रतिकारशक्ती कमी म्हणायची? मुलीचं औषध लागू पडत नाहीये का?"

ताई,

तुमच्या पत्रात सगळ्यात कमी शब्द पुतण्याच्या वाट्याला आलेत, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करू. "तो ठीक आहे" एवढ्यावर थांबू नका. याच आठवड्यात त्याला महापालिकेच्या दवाखान्यात किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ताप, खोकला, वजन न वाढणं, मानेत गाठी हे सगळं पाहून आणि एक्स-रे काढून त्याला आज टीबी नाही एवढी खात्री करून घ्यायची. ती झाली की प्रतिबंधक औषध सुरू करायचं, आणि त्यासाठी मॅन्टूची किंवा रक्ततपासणीची वाट पाहायची नाही. पाच वर्षांखालच्या मुलाच्या घरात बेडक्यात जंतू असलेला रुग्ण असेल तर नियमच तसा आहे. एवढी घाई का, ते पुढे येईलच.

दुसरी गोष्ट मुलीची. तिचं औषध बंद करू नका, आणि "जोरदार" औषध स्वतःहून वाढवूनही घेऊ नका. तुम्ही सांगताय त्या वेळी आणि त्या तऱ्हेने गाठ वाढणं हे बहुतेक वेळा औषध हरल्याचं लक्षण नसतं.

आता मूळ प्रश्न. आपण प्रतिकारशक्तीबद्दल बोलतो ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलल्यासारखं: याची भरलेली, त्याची रिकामी. टीबीच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. या जंतूकडे शरीर जाळणारं विष नाही. घटसर्पाचा किंवा धनुर्वाताचा जंतू विष सोडून माणसाला पाडतो, टीबीचा तसं करत नाही. टीबीत जे बिघडतं, म्हणजे फुप्फुसाला पडलेली पोकळी, छातीतलं पाणी, मानेतली सूज, त्यातलं बरंचसं आपल्याच शरीराने जंतूशी लढताना केलेलं असतं. त्यामुळे रोगाचं रूप ठरतं ते लढाई कुठे झाली, केव्हा झाली आणि किती चिडून झाली यावर.

लढाई सुरू कशी होते ते एकदा नीट पाहू. सासरे खोकले की अतिसूक्ष्म थेंब तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. त्यातला एखादा फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशापर्यंत पोचला की तिथली पहाऱ्याची महाभक्षी पेशी त्यातल्या जंतूंना गिळते. एरवी गिळलेला जंतू पेशीच्या आत पाचक रसाच्या पिशवीत जाऊन मरतो. टीबीचा जंतू नेमकं हेच अडवतो. तो ज्या पिशवीत बसलेला असतो ती पाचक पिशवीला जोडूच देत नाही, आणि गिळणाऱ्याच्याच पोटात वाढत राहतो. वाढतोही सावकाश, एकाचे दोन व्हायला साधारण २० तास लागतात. दरम्यान दुसऱ्या पेशी त्याचे तुकडे जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि तिथे त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, तयार होतात. या सगळ्याला आठवडे जातात. म्हणून संसर्ग झाल्यावर २ ते ८ आठवडे मॅन्टू शून्यच येऊ शकते.

तयार झालेल्या टी-पेशी परत फुप्फुसात येतात आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात. त्याने महाभक्षी पेशीला गिळलेला जंतू मारण्याचं बळ येतं. टीएनएफ नावाचं दुसरं रसायन आणखी पेशी बोलावतं आणि जंतूभोवती त्यांचं कडं धरून ठेवतं. हे कडं म्हणजे ग्रॅन्युलोमा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रचना ओळखू येते: बाहेर टी-पेशींची गर्दी, आत महाभक्षी पेशी, काही एकमेकींत मिसळून मोठ्या झालेल्या, आणि मधोमध पनीरच्या चुऱ्यासारखा मेलेला भाग. त्या चुऱ्यात जंतू अडकून पडतो. मरतोच असं नाही, पण पसरत नाही.

तुमची तऱ्हा ही. १७ मिलिमीटरची मॅन्टू आणि स्वच्छ एक्स-रे म्हणजे संसर्ग झालेला आहे, टी-पेशींनी तो ओळखलेला आहे आणि कडं घट्ट आहे. हा रोग नव्हे आणि तो तुमच्याकडून कोणाला लागणार नाही. संसर्ग झालेल्या शंभरातल्या ५ ते १० जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. त्यातल्या सुमारे निम्म्यांना तो पहिल्या दोन वर्षांत होतो, आणि तुम्ही आत्ता त्याच दोन वर्षांत असण्याची शक्यता आहे. म्हणून प्रतिबंधक औषध तुम्हीही घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. सोपा मार्ग म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, आठवड्यातून एकदा, एकूण १२ डोस. वार ठरवून घ्या आणि कॅलेंडरवर खूण करत जा. डोसाच्या दिवशी अंग दुखणं, कणकण, मळमळ होऊ शकते. लघवी केशरी होते, ती औषधाच्या रंगाने. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी किंवा फिटची औषधं चालू असतील तर आधी सांगा, कारण रिफापेंटिन त्यांचा असर कमी करतं. भूक मेली, उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले तर पुढचा डोस घ्यायचा नाही, आधी यकृताची तपासणी.

हे औषध सुरू करण्याआधी एक कागद मात्र हवाच: सासऱ्यांच्या जंतूवर रिफॅम्पिसिन (रिफापेंटिन याच्याच जातीचं) आणि आयसोनियाझिड दोन्ही चालतात का, याचा अहवाल. सीबीनॅट, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, फक्त रिफॅम्पिसिनचं सांगते. आयसोनियाझिडसाठी वेगळी तपासणी, एलपीए, लावलेली असते. तो जंतू आयसोनियाझिडला दाद देत नसेल तर तुम्हाला आणि पुतण्याला दुसरं औषध द्यावं लागेल. हा कागद न पाहता घरभर गोळ्या सुरू केल्या जातात, ही नेहमी होणारी चूक आहे.

मॅन्टूबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इतकी साधी आणि इतकी चुकीची वाचली जाणारी तपासणी दुसरी नसेल. हातावर कोपराखाली, आतल्या बाजूला, त्वचेच्या थरातच ०.१ मिलिलिटर द्रव सोडायचा. तिथे ६ ते १० मिलिमीटरचा फिकट फुगवटा उठला तरच सुई बरोबर थरात गेली. ४८ ते ७२ तासांनी वाचायचं, आणि मोजायचा तो लालपणा नव्हे, टणकपणा. बॉलपेन एका बाजूने त्वचेवर हलक्या दाबाने सरकवत आणायचं, टणक कडेला अडलं की रेघ थांबवायची. मग तसंच दुसऱ्या बाजूने. दोन टोकांतलं अंतर हाताच्या आडव्या दिशेने मिलिमीटरमध्ये लिहायचं. लालपणा धरून २५ लिहिलेली आणि खरोखर ८ असलेली मॅन्टू पुष्कळ घरांना घाबरवून सोडते. आणि १७ म्हणजे १० पेक्षा "जास्त टीबी" असंही नसतं. जन्माच्या वेळी टोचलेल्या बीसीजीचा मॅन्टूवरचा परिणाम दहाएक वर्षांत बराचसा ओसरतो, तेव्हा तुमचे १७ बीसीजीच्या नावावर ढकलता येणार नाहीत. बीसीजीचा गोंधळ टाळायचा असेल तर जंतूची अशी दोन प्रथिनं वापरणारी तपासणी करतात, जी बीसीजीत नसतात. रक्तावर केली तर ती इग्रा. त्वचेवरची सीवाय-टीबी आपल्याच हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि तिथे ५ मिलिमीटरपासून पुढे पॉझिटिव्ह धरतात. पण यातली एकही तपासणी संसर्ग आणि रोग यांतला फरक सांगू शकत नाही. आणि कोणी रक्तातल्या अँटिबॉडीवरून, "टीबी आयजीजी-आयजीएम" लिहून टीबीचं निदान करत असेल तर उठून बाहेर या. त्या तपासण्यांवर भारत सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली आहे. टीबीत लढाई मुख्यतः पेशींची असते. अँटिबॉडी कोणाच्याही रक्तात दिसू शकतात आणि रुग्णाच्या रक्तात नसूही शकतात.

आता सासरे. नातेवाईक त्यांची प्रतिकारशक्ती सगळ्यात कमी समजत असतील. पण फुप्फुसाला पोकळी पडायला प्रतिकार लागतो, तोही जोरदार. याचा पुरावा एचआयव्हीच्या रुग्णांत दिसतो. त्यांच्या सीडी४ टी-पेशी फार उतरल्या की टीबी फुप्फुसभर पसरतो, पण पोकळ्या क्वचित पडतात आणि बेडक्यात जंतूही कमी दिसतात. सासऱ्यांच्या बाबतीत कड्याच्या मधला घट्ट चुरा पातळ झाला. लढणाऱ्या पेशींनी सोडलेल्या पाचक द्रव्यांनी फुप्फुसाचा सांगाडाच विरघळवला आणि तो पातळ माल श्वासनलिकेत फुटून खोकल्यावाटे बाहेर गेला. मागे राहिली ती पोकळी. तिच्यात प्राणवायू भरपूर असतो आणि टी-पेशी आतपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे जंतू कोट्यवधींनी वाढतात. बेडक्याच्या काचेवर जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये किमान ५ ते १० हजार असावे लागतात. पोकळीवाल्या रुग्णात ते त्याहून कितीतरी जास्त असतात, म्हणून घराला लागण झाली ती त्यांच्याकडून. मधुमेहाने इथे दोन्हीकडून नुकसान केलं: साखर चढलेली असली की सुरुवातीचा प्रतिकार उशिरा जागा होतो, आणि जागा झाला की प्रमाणाबाहेर सूज आणतो. रिफॅम्पिसिनमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर उतरतो, तेव्हा त्यांची साखर या सहा महिन्यांत नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. गरज पडली तर काही महिने इन्सुलिन घ्यायला त्यांनी नाही म्हणू नये.

औषध लागू पडणारं असेल तर साधारण दोन आठवड्यांत त्यांच्याकडून लागण होण्याचा धोका पुष्कळ उतरतो. ताट-वाटी वेगळी करून काही साधत नाही, हा रोग हवेतून लागतो. खिडक्या उघड्या ठेवणं आणि सुरुवातीला मास्क लावणं उपयोगाचं. मुलीकडून आणि दिरांकडून, त्यांच्या फुप्फुसात रोग नसेल तर, कोणाला काही लागणार नाही. तेवढं एक्स-रे आणि बेडका तपासून नक्की करून घ्या आणि मुलीला कॉलेजला जाऊ द्या.

दिरांची गोष्ट सगळ्यात उलटी वाटते: पाण्यात जंतू नाही, मॅन्टू शून्य, तरी टीबी. फुप्फुसाच्या कडेला असलेल्या एखाद्या बारीक ग्रॅन्युलोमातून थोडे जंतू, किंवा नुसती त्यांची प्रथिनं, फुप्फुसाच्या आवरणात सांडली. तोवर त्यांच्या टी-पेशी तयार होत्या. त्या तिथे धावल्या, आवरणाला सूज आली आणि पाणी झिरपायला लागलं. म्हणजे थोडासा जंतू आणि मोठी प्रतिक्रिया. त्यामुळेच पाण्याची काचेवरची तपासणी दहातल्या एकापेक्षाही कमी जणांत पॉझिटिव्ह येते. निदान होतं ते पाण्याच्या स्वभावावरून: लिम्फोसाइट पेशी जास्त, प्रथिनं जास्त आणि एडीए नावाचं एन्झाइम ४०च्या वर. त्यांच्या अहवालात हे तिन्ही आकडे शोधा. पाणी पू असेल किंवा त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे पुवात असतात त्या पांढऱ्या पेशी, जास्त असतील तर मात्र नुसत्या एडीएवर विसंबता येत नाही, वेगळा विचार करावा लागतो.

मॅन्टू शून्य का? कारण त्या ओळखणाऱ्या टी-पेशी त्या दिवसांत छातीत गोळा झालेल्या असतात, हातावर यायला पुरेशा उरत नाहीत. तीच मॅन्टू काही आठवड्यांनी केली तर बहुधा पॉझिटिव्ह येईल. मुद्दाम करण्याची गरज नाही. आणखी एक: हे पाणी औषधाशिवायही कधी कधी आपोआप ओसरतं, आणि त्यातच धोका आहे. टीबीची औषधं येण्याआधीच्या काळातल्या अशा रुग्णांचा मागोवा घेतला तेव्हा निम्म्याहून अधिकांना पुढच्या पाच वर्षांत कुठे ना कुठे टीबी झाला होता. तेव्हा "आता श्वास मोकळा झाला" म्हणून दिरांना तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडू देऊ नका. आवरण जाड होऊन फुप्फुस आखडू नये म्हणून दिवसातून तीन-चार वेळा दीर्घ श्वासाचे व्यायाम करायला सांगा.

मुलीच्या गाठीकडे येतो. लसिकाग्रंथी म्हणजे टी-पेशींचं घरच. लढाई तिथेच झाली की गाठ होते: जंतू थोडे, पेशी पुष्कळ. आता औषधाने जंतू भराभर मरतात आणि त्यांच्या फुटलेल्या शरीरातली प्रथिनं एकदम बाहेर पडतात. त्याच वेळी रोगाने दबलेल्या टी-पेशी मोकळ्या होतात आणि त्या मेलेल्या मालावर तुटून पडतात. परिणाम असा की गाठ फुगते, मऊ होते, शेजारी नवी उठते, कधी फुटून वाहतेही. याला विरोधाभासी प्रतिक्रिया म्हणतात. गाठीच्या टीबीत ती नवलाची नाही, आणि औषध सुरू झाल्यावर काही आठवडे ते काही महिने या काळात केव्हाही होऊ शकते. दोन महिन्यांनी चारातलं एक औषध, पायराझिनामाइड, बंद होतं आणि नेमकी त्याच सुमारास गाठ वाढली की घरच्यांना वाटतं त्यामुळेच झालं. त्या दोन गोष्टींचा संबंध लावू नका.

पण "ही प्रतिक्रियाच आहे" असं घरबसल्या ठरवायचंही नाही. औषधाला न जुमानणारा जंतू असेल किंवा निदानच चुकलं असेल तरी गाठ अशीच वाढते. फरक करायला आधी साध्या गोष्टी पाहा. वजन वाढतंय का? भूक आली का, ताप गेला का? या तिन्हींचं उत्तर हो असेल आणि नुसती गाठ वाढत असेल तर ते प्रतिक्रियेच्या बाजूने जातं. एकही डोस बुडाला नाही ना? गोळ्या वजनाप्रमाणे आहेत ना? एकत्रित गोळ्या ३५ ते ४९ किलोला ३ आणि ५० ते ६४ किलोला ४ असतात. सुरुवातीला ४७ असलेली मुलगी आता ५१ झाली असेल तर गोळ्या वाढायला हव्यात, आणि हे पुष्कळदा कोणाच्या लक्षात येत नाही.

मग पहिला अहवाल उघडा. गाठीतल्या नमुन्यावर सीबीनॅट झालं होतं का, आणि रिफॅम्पिसिनचं काय लिहिलं होतं? ते झालंच नसेल, नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली "ग्रॅन्युलोमा दिसला" एवढंच असेल, तर आता परत सुई लावून नमुना घेणं गरजेचं आहे. तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. नमुना कोरड्या निर्जंतुक डबीत किंवा सलाइनमध्ये हवा. फॉर्मॅलिनमध्ये टाकला की जंतू मरतो आणि कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणं, होत नाही. गाठ काढून अख्खी फॉर्मॅलिनमध्ये बुडवली आणि मग कल्चर मागितलं, असं वरचेवर होतं. म्हणून नमुना घेण्याआधीच डॉक्टरांना विचारा, "कल्चरला वेगळा भाग ठेवताय ना?" दुसरं, औषध चालू असताना केलेलं सीबीनॅट पॉझिटिव्ह आलं तर हबकू नका. ते मेलेल्या जंतूचा डीएनएही पकडतं. जंतू जिवंत आहे का हे कल्चरच सांगतं, आणि द्रव कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं.

गाठीत पू झाला असेल तर तो सुईने काढतात, आणि सुई शेजारच्या धडधाकट त्वचेतून तिरकी आत नेतात. गाठीवरच चीर देऊन पू काढला तर ती जागा महिनोन्‌महिने वाहत राहते. पोटीस, लेप, शेक काही नको. सूज फार दुखत असेल किंवा श्वासनलिकेवर दाब येत असेल तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड देतात, पण तो निर्णय निदान पक्कं झाल्यावरचा. दर रविवारी प्लॅस्टिकच्या मोजपट्टीने गाठीची लांबी-रुंदी वहीत लिहा आणि त्याच उजेडात फोनवर फोटो काढा. औषधाचे तीन महिने उलटूनही गाठ वाढतच असेल, किंवा वजन उतरतंय, ताप परत येतोय असं दिसलं, तर त्याच आठवड्यात छातीरोगतज्ज्ञांना दाखवा. सहा महिने संपल्यावरही छोटी, घट्ट, न दुखणारी गाठ मागे राहू शकते. तेवढ्यासाठी औषध लांबवायची गरज नसते.

आता पुतण्याची घाई का, ते सांगतो. लहान मुलाच्या महाभक्षी पेशी जंतू मारण्यात अजून कच्च्या असतात आणि टी-पेशींचा इंटरफेरॉनचा जोरही कमी असतो. कडं ढिलं पडलं तर जंतू रक्तावाटे सगळीकडे जातो. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर १ ते २ मिलिमीटरचे, राळ्याच्या दाण्यासारखे ठिपके दिसतात, तो मिलियरी टीबी. तुमच्या नातेवाइकांच्या "कमी प्रतिकारशक्ती"च्या सगळ्यात जवळ जाणारी तऱ्हा हीच, आणि तिच्यात मॅन्टू बऱ्याचदा शून्य येते. जंतू मेंदूच्या आवरणात गेला तर तिथली सूजच जीवघेणी ठरते, कारण कवटीत सुजायला जागा नाही. म्हणून मेंदूच्या टीबीत टीबीच्या औषधांबरोबर पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड देतात, आणि ते ६ ते ८ आठवड्यांत हळूहळू उतरवतात. बीसीजी या दोन तऱ्हांपासून मुलांना बरंच वाचवते, पूर्ण नाही. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीवर तिचा भरवसा धरता येत नाही. तमिळनाडूत चिंगलपट्टूला १९६८ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत तेच दिसलं. मुलाला रोज आयसोनियाझिड दिलं तर वजनाच्या दर किलोला साधारण १० मिलिग्रॅम, सहा महिने. आठवड्याचं औषधही दोन वर्षांवरच्या मुलांना देतात. दरम्यान त्याला सलग ताप, उगाच उलट्या, खेळणं सोडून पडून राहणं, चिडचिड, डोकं दुखतंय म्हणणं यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

काढ्याबद्दल नाही म्हणतो, आणि ठामपणे. वर पाहिलंत की या घरात कुठे प्रतिक्रिया जास्त आहे, कुठे नेमकी आहे, कुठे कच्ची आहे. सगळ्यांची एकदम "वाढवून" मिळवायचं काय? शिवाय आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृतावर भार टाकतात, आणि गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला सूज आल्याची प्रकरणं मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहेत. मुलीचे डोळे पिवळे झाले तर दोष गोळीचा की काढ्याचा हे कोणाला सांगता येणार नाही, आणि तिचं चालू औषध थांबवावं लागेल.

ज्याने खरा फरक पडतो ते अन्न. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना दरमहा जादा धान्य आणि डाळ दिली, तेव्हा त्या घरांत नवा टीबी सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. उपाशी शरीरात टी-पेशी कमी आणि मंद होतात, हे त्यामागचं साधं कारण. तेव्हा काढ्याच्या पैशांत अंडी, दूध, शेंगदाणे, मूग-मसुराची डाळ आणा. घरात जेवढे रुग्ण नोंदलेले आहेत त्या प्रत्येकाला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये मिळतात. बँक खातं जोडलेलं आहे का ते दवाखान्यातल्या टीबी कर्मचाऱ्यांकडून तपासून घ्या.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्या इंजेक्शनचं नाव आधी पाहा. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, एटॅनरसेप्ट यांपैकी काही असेल तर ते टीएनएफ अडवणारं औषध आहे. म्हणजे कडं धरून ठेवणारं जे रसायन वर सांगितलं, नेमकं तेच. सांध्यांना त्याने आराम पडतो, पण आत दडलेला जंतू असेल तर कडं सुटतं. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० जणांना टीबी झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचा रोग फुप्फुसाबाहेर पसरलेला होता. घरात बेडक्यात जंतू असलेला रुग्ण असल्याचं संधिवाताच्या डॉक्टरांना कदाचित कोणी सांगितलेलंच नसेल. आज फोन करून सांगा. पहिलं इंजेक्शन पुढे ढकला, एक्स-रे आणि इग्रा करा. त्या रोज १५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) घेत असतील तर मॅन्टू खोटी शून्य येऊ शकते, आणि इग्राचाही निकाल "अनिश्चित" येऊ शकतो. अनिश्चित म्हणजे निगेटिव्ह नव्हे, परत करायची. रक्त काढल्यावर नळ्या १६ तासांच्या आत ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये जायला लागतात, म्हणून सकाळी लवकर आणि जिथे तपासणी होते त्याच प्रयोगशाळेत रक्त द्या. संसर्ग निघाला आणि रोग नसला तर प्रतिबंधक औषध सुरू करून किमान एक महिना झाल्यावरच इंजेक्शन. आणि त्या संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण तेही यकृतावर जातं, आणि मग यकृताची रक्ततपासणी दर महिन्याला करावी लागेल.